स्क्रू दोन रुपयांचा, भोक दुर्बिणीचं

आकाशदर्शनाच्या रात्री गवतात पडलेला काळा स्क्रू सापडणं जवळजवळ अशक्य असतं. डोळे अंधाराला सरावलेले राहावेत म्हणून हातात लाल बॅटरी असते, स्क्रू सहा-आठ मिलिमीटरचा असतो, आणि पडतो तो नेमका फाइंडर, म्हणजे मोठ्या दुर्बिणीवरची छोटी शोधक दुर्बीण, बसवताना किंवा आयपीस बदलताना. सकाळी लक्षात येतं की दुर्बिणीच्या आरशाला, भिंगाला, स्टँडला काहीही झालेलं नाही, पण फाइंडरच्या कड्यातला एक स्क्रू नाही म्हणून फाइंडर लटपटतो आहे. लाखभर रुपयांची दुर्बीणही अशा वेळी एका दिडकीच्या वस्तूपायी अडून बसते.

मग बहुतेक जण उरलेल्या स्क्रूंपैकी एक खिशात टाकून हार्डवेअरच्या दुकानात जातात आणि ‘असाच द्या’ म्हणतात. दुकानदार डबा उपसून तसाच दिसणारा स्क्रू काढतो. घरी आल्यावर तो दोन फेरे आत जातो आणि अडतो. इथे पक्कड हातात घेतली की नुकसान सुरू होतं. स्क्रू पोलादाचा असतो, फाइंडरचं कडं किंवा फोकसर अॅल्युमिनियमचा. पोलाद जिंकतं आणि भोकातले आटे जातात. स्क्रू दोन रुपयांना पुन्हा मिळेल, पण भोक ज्या भागात आहे तो भाग सुटा मिळेलच असं नाही. या प्रकरणात जे काही सांगायचं आहे ते सगळं या एका हिशेबातून निघतं: भोक वाचवायचं आणि त्याच्या मापाचा स्क्रू शोधायचा.

आधी स्क्रूचं काम ओळखा

दुर्बिणीच्या जोडसामानात स्क्रू चार वेगवेगळी कामं करतात. बदली स्क्रू शोधताना ही कामं वेगळी काढली नाहीत, तर आटे जुळूनही स्क्रू चुकीचा ठरतो.

पहिलं काम दोन भाग कायमचे जोडण्याचं. फोकसर नळीला बसवणारे किंवा फाइंडरचा पाया धरणारे स्क्रू या जातीचे. दुसरं काम आवळून धरण्याचं. आयपीसची नळी ३१.७५ किंवा ५०.८ मिलिमीटर व्यासाची असते, म्हणजे सव्वा इंच किंवा दोन इंच. ती भोकात सरकवून बाजूच्या स्क्रूने धरायची असते, आणि हा स्क्रू रात्रीतून अनेकदा सैल करावा लागतो, म्हणून त्याचं डोकं बोटात धरता येईल असं खरखरीत असतं. तिसरं काम ढकलण्याचं. जुन्या पद्धतीच्या फाइंडरला दोन कडी असतात, प्रत्येक कड्यात तीन स्क्रू. एक सैल करून समोरचे दोन आवळले की फाइंडर केसभर हलतो. चौथं काम आरसा कलता करून प्रकाशाची वाट नीट जुळवण्याचं, म्हणजे कॉलिमेशनचं.

या चौथ्या कामात स्क्रू हे मोजायचं साधन होतं. १६४०च्या सुमारास विल्यम गॅस्कॉइन या इंग्रज निरीक्षकाने दुर्बिणीच्या आत, प्रतिमा जिथे तयार होते तिथेच, स्क्रूने सरकणाऱ्या दोन कडा बसवल्या. ग्रहाच्या दोन्ही काठांना त्या टेकवायच्या आणि स्क्रू किती फिरला ते मोजायचं. त्यावरून ग्रहाचा कोनीय व्यास निघायचा. मायक्रोमीटरची ही सुरुवात. तत्त्व साधं आहे: स्क्रू एक पूर्ण फेरा फिरला की एका आट्याइतका पुढे जातो. एम-४ जातीचा स्क्रू एका फेऱ्यात ०.७ मिलिमीटर सरकतो. दुय्यम आरशाच्या मध्यापासून तो २० मिलिमीटरवर असेल, तर पाव फेऱ्यात आरसा सुमारे अर्धा अंश कलतो. परावर्तित किरण त्याच्या दुप्पट, म्हणजे एक अंशाने वळतो. आयपीस तिथून १५० मिलिमीटरवर असेल तर किरण तिथे अडीच मिलिमीटरहून जास्त सरकलेला असतो. अशा जागी आटा वेगळा असलेला स्क्रू कसाबसा बसला तरी हाताला कळणारा हिशेब बदलतो. आणि सैल बसला तर दुर्बीण आकाशात दुसरीकडे वळवताच आरसा जागा सोडतो.

एकाच दुर्बिणीत तीन देशांचे आटे

स्क्रूच्या मापाचा घोळ दुर्बिणीवाल्यांनी केलेला नाही. तो औद्योगिक इतिहासातून आला आहे. १८४१पर्यंत इंग्लंडमधल्या कारखान्यांचे आटे बरेचसे आपापले होते. त्या वर्षी जोसेफ व्हिटवर्थ यांनी एकच पद्धत सुचवली: आट्याच्या दोन उतारांमधला कोन ५५ अंश, आणि प्रत्येक व्यासासाठी इंचात ठरावीक आटे. १८६४मध्ये अमेरिकेत विल्यम सेलर्स यांनी ६० अंशांचा आटा मांडला, कारण तो घडवायला आणि तपासायला सोपा होता. युरोपातल्या मेट्रिक देशांनी १८९८मध्ये झुरिकला एकत्र बसून आपला मिलिमीटरमधला आटा ठरवला, तोही ६० अंशांचा. ब्रिटनमध्ये नाजूक उपकरणांसाठी बीए नावाची आणखी एक मालिका होती, तिचा कोन साडेसत्तेचाळीस अंश. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन बोल्ट ब्रिटिश यंत्रांना बसत नाहीत याचा पुरेपूर त्रास झाल्यावर १९४८मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी इंचातला एकच आटा मान्य केला. त्यालाच आज यूएनसी आणि यूएनएफ म्हणतात. पहिला जाड आट्यांचा, दुसरा बारीक.

हा सगळा इतिहास आजच्या एका दुर्बिणीत एकत्र नांदतो. चीन किंवा तैवानमध्ये बनलेल्या डॉब्सोनियनच्या फाइंडरचे आणि फोकसरचे स्क्रू बहुधा मेट्रिक असतात, एम-४ किंवा एम-५. तिच्यावर कॅमेरा बसवायचा असेल तर कॅमेऱ्याच्या पोटातलं भोक मात्र पाव इंची, इंचाला २० आट्यांचं. ही व्हिटवर्थच्या जमान्यापासून चालत आलेली परंपरा. श्मिट-कॅसेग्रेन दुर्बिणीच्या मागच्या तोंडावर दोन इंच व्यासाचा, इंचाला २४ आट्यांचा अमेरिकन आटा असतो. त्याच तोंडाला लागणाऱ्या कॅमेरा-कड्याचा आटा ४२ मिलिमीटर व्यासाचा आणि पाऊण मिलिमीटर अंतराचा, म्हणजे पुन्हा मेट्रिक. आणि एखाद्या जुन्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत ब्रिटिश बनावटीची दुर्बीण निघाली, तर तिथे व्हिटवर्थ किंवा बीए भेटू शकतो. त्यामुळे एका भोकाचं माप कळलं म्हणून शेजारच्या भोकाचं तेच असेल असं धरू नये.

मोजायचं कसं

जवळ व्हर्नियर कॅलिपर असावा. साधा डिजिटल कॅलिपरही पुरतो. स्क्रू हातात असेल तर दोन आकडे काढायचे: बाहेरचा व्यास आणि दोन आट्यांमधलं अंतर, ज्याला कारागीर ‘पिच’ म्हणतात. व्यास नेहमी नावापेक्षा थोडा कमी भरतो. एम-५चा स्क्रू ४.९ मिलिमीटरच्या आसपास दाखवतो. एकाच आट्यावर पिच मोजायला जाऊ नये, चूक फार होते. एका आट्याच्या माथ्यापासून अकराव्या आट्याच्या माथ्यापर्यंतचं अंतर घ्यायचं आणि दहाने भागायचं. स्क्रू आखूड असेल तर पाच अंतरं मोजून पाचाने भागावं. करवतीच्या दात्यांसारख्या पात्यांचा पिच-गेज मिळाला तर काम आणखी सोपं होतं: पातं आट्यांवर ठेवून उजेडाकडे धरायचं, मध्ये फट दिसली नाही की माप जुळलं.

दुर्बिणीच्या जोडसामानात पुन्हा पुन्हा भेटणारी मापं अशी:

एम-३: व्यास ३ मिमी, पिच ०.५
एम-४: व्यास ४ मिमी, पिच ०.७
८-३२ (इंची): व्यास ४.१७ मिमी, पिच ०.७९
१०-३२ (इंची): व्यास ४.८३ मिमी, पिच ०.७९
एम-५: व्यास ५ मिमी, पिच ०.८
एम-६: व्यास ६ मिमी, पिच १
पाव इंची, २० आटे: व्यास ६.३५ मिमी, पिच १.२७

इंची मापातल्या ‘८-३२’मधला पहिला आकडा व्यासाचा क्रमांक आहे, दुसरा म्हणजे इंचाला किती आटे.

सगळे स्क्रू हरवले असतील, तर भोकालाच विचारावं लागतं. आट्यांच्या माथ्यांमधली मोकळी जागा साधारणपणे व्यासातून पिच वजा केल्याइतकी असते. म्हणून एम-४च्या भोकात ३.३ मिलिमीटरच्या ड्रिलचा मागचा गुळगुळीत दांडा अलगद जातो, एम-५मध्ये ४.२चा, एम-६मध्ये ५चा. ड्रिल फिरवायचं नाही, फक्त दांडा घालून पाहायचा. यावरून अंदाज बांधला की त्या मापाचा खात्रीचा नवा स्क्रू बोटाने फिरवून पाहायचा. योग्य स्क्रू पाच-सहा फेरे फक्त बोटाच्या जोरावर जातो आणि आत गेल्यावर डुगडुगत नाही. या दोन्ही कसोट्या लागतात. एकावर भागत नाही.

जवळपास बसणारा सर्वांत धोक्याचा

अजिबात न बसणारा स्क्रू निरुपद्रवी असतो. घात करतो तो जवळपास बसणारा.

वरच्या यादीत १०-३२ आणि एम-५ शेजारी ठेवून पाहा. पिचमध्ये फरक आहे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही कमी, व्यासात सतरा शतांश. एम-५च्या भोकात १०-३२चा स्क्रू सरळ शेवटपर्यंत जातो. फक्त आट्यांची पकड उथळ असते. अॅल्युमिनियमच्या भोकात तो दहा-वीस वेळा आवळला की आट्यांचे माथे झिजतात आणि मग खरा एम-५ही धरत नाही. या जोडीत दहा आट्यांच्या मोजणीने फरक कळत नाही, कारण ८ मिलिमीटरच्या जागी ७.९४ येतात. इथे व्यासच पाहावा लागतो: ४.९च्या आसपास असेल तर एम-५, ४.७५च्या आसपास असेल तर इंची. सगळ्यात सोपं म्हणजे एम-५ची नवी नट चढवून हलवून पाहणं. लटपटली तर स्क्रू इंची.

एम-६ आणि पाव इंची ही दुसरी जोडी. पाव इंची भोकात एम-६ एक-दोन फेरे जातो आणि अडतो. कॅमेरा-पट्टी किंवा ट्रायपॉडच्या बाबतीत हे नेहमी होतं. तिसरी जोडी ४२ मिलिमीटरच्या कड्यांची: दुर्बिणीसाठीच्या कड्याची पिच ०.७५, तर जुन्या पेंटॅक्स पद्धतीच्या कॅमेरा-लेन्सची १. व्यास तोच, म्हणून डोळ्याला दोन्ही सारखीच दिसतात. तिथेही कडं थोडं चढतं आणि अडकतं.

डोळ्यावर विसंबण्याची किंमत किती मोठी असू शकते, याचं उदाहरण विमानवाहतुकीच्या इतिहासात नोंदलेलं आहे. १० जून १९९० रोजी बर्मिंगहॅमहून मालागाला निघालेल्या विमानाची पुढची एक काच १७ हजार फुटांवर उडून गेली. कप्तान अर्धा बाहेर ओढला गेला. सहकाऱ्यांनी त्याचे पाय धरून ठेवले, सहवैमानिकाने विमान साउदॅम्प्टनला उतरवलं आणि कप्तान वाचला. चौकशीत कळलं की उड्डाणाच्या आदल्या दिवशी काच बदलली होती. नवे बोल्ट निवडताना जुना बोल्ट हातात घेऊन डब्यातल्या बोल्टांशी नजरेने जुळवला गेला होता. ९०पैकी ८४ बोल्ट ८-३२ जातीचे निघाले, हवे होते १०-३२. दोन्हींचे आटे इंचाला ३२च, म्हणून बारीक बोल्ट मोठ्या नटेत फिरले, आवळल्यासारखे वाटले आणि पकड मात्र नावापुरती राहिली. व्यासातला फरक होता ०.६६ मिलिमीटर. बोल्ट लावणारा माणूस अनुभवी होता. चुकली ती पद्धत.

लांबी, टोक आणि डोकं

आटे जुळले तरी तीन गोष्टी उरतात.

पहिली लांबी. सपाट बसणाऱ्या, म्हणजे शंकूसारख्या डोक्याच्या सीएसके स्क्रूची लांबी डोक्यासकट मोजतात, बाकीच्यांची डोक्याखालून. दुकानात हे न बोलता मागितलं की दोन-तीन मिलिमीटरचा गोंधळ होतो. आखूड स्क्रू कमी आट्यांवर पकडतो. अॅल्युमिनियममध्ये निदान व्यासाच्या दीडपट लांबी आत गेलेली बरी. जास्त लांब स्क्रू अधिक वाईट. न्यूटोनियनच्या नळीत तो आत डोकावतो आणि प्रकाशाच्या वाटेत येतो. श्मिट-कॅसेग्रेनच्या पुढच्या किंवा मागच्या कड्याला पट्टी बसवताना मूळपेक्षा लांब स्क्रू आत आरशाच्या किंवा काचेच्या भागापर्यंत पोचू शकतो. म्हणून जुना स्क्रू जवळ असेल तर त्याहून लांब स्क्रू घालू नये. नसेल तर भोकात काडी घालून खोली मोजावी आणि एक-दोन मिलिमीटर राखून ठेवावे.

दुसरं टोक. जोडणाऱ्या स्क्रूचं टोक कसंही चालतं. आयपीस धरणाऱ्या स्क्रूचं टोक मात्र थेट आयपीसच्या नळीवर टेकतं आणि तिथे ओरखडे पाडतं. बऱ्या फोकसरमध्ये म्हणून आत पितळेचं कडं असतं. स्क्रू कड्याला दाबतो, कडं नळीला. असं कडं नसेल तर टोक सपाट आणि मऊ हवं: पितळेचा स्क्रू, नाहीतर नायलॉनचं टोक लावलेला. फाइंडरला ढकलणाऱ्या स्क्रूचं टोक गोलसर लागतं, नाहीतर फिरवताना ते नळीला खरवडतं आणि फाइंडर सरळ न हलता वळत जातो.

तिसरं डोकं. अधिक-चिन्हाच्या खाचेचे स्क्रू सगळे एकाच जातीचे नसतात. फिलिप्सची खाच आणि जपानी मानकाची खाच दिसायला जवळ, पण जपानी उपकरणातल्या लहान स्क्रूवर फिलिप्सचा स्क्रूड्रायव्हर घसरतो आणि खाच गोल करून टाकतो. सहा कोनांच्या अॅलन भोकातही तोच धोका. मिलिमीटरच्या भोकात जवळपासची इंची किल्ली घातली की कोपरे जातात.

खराब झालेल्या डोक्याने अंतराळवीरांनाही सोडलेलं नाही. मे २००९मध्ये हबल दुर्बिणीच्या बंद पडलेल्या वर्णपटमापकाची दुरुस्ती करताना माइक मॅसिमिनो यांना आधी हाताने धरायची एक दांडी काढायची होती. ती चार स्क्रूंवर होती, आणि त्यातल्या एकाच्या डोक्याची खाच झिजून गेली. पृथ्वीवरच्या चमूशी बरीच चर्चा झाल्यावर त्यांनी ती दांडी हाताने ओढून तोडली. त्यानंतर झाकणाचे शंभराहून जास्त बारीक स्क्रू निघाले, तेही एक पारदर्शक पट्टी वर बसवून, म्हणजे सुटलेला स्क्रू पट्टीखालीच अडकून राहील आणि दुर्बिणीत तरंगत जाणार नाही. घरी याचं रूप अगदी साधं आहे: दुर्बिणीखाली पांढरी चादर अंथरायची आणि मगच स्क्रू सोडायचा.

धातूचा प्रश्न

एमएस म्हणजे साधं पोलाद स्वस्त, पण कोकणातल्या आणि पावसाळी हवेत एका मोसमात गंजतं. गंजलेला स्क्रू काढताना आटे सोबत घेऊन येतो. एसएस ३०४ सहजासहजी गंजत नाही, म्हणून बहुतेकांनी तोच घ्यावा. त्याची एक खोड माहीत असू द्या: खारट ओलाव्यात एसएस आणि अॅल्युमिनियम एकमेकांना चिकटलेले राहिले तर झिजतं अॅल्युमिनियम. उपाय किरकोळ आहे. आट्यांवर ग्रीसचा पुसट हात फिरवून स्क्रू बसवावा आणि वर्षातून एकदा काढून पुन्हा लावावा. उच्च ताकदीचे ८.८ किंवा १२.९ क्रमांकाचे बोल्ट इथे काही कामाचे नाहीत. बोटाने आवळायच्या स्क्रूला ती ताकद लागत नाही, आणि स्क्रू जितका कडक तितकं मऊ भोकाचं नुकसान सोपं. पितळ आणि नायलॉन यांचा कमकुवतपणा इथे गुण ठरतो, कारण जादा जोर पडला तर आधी स्क्रू मोडतो.

दुकानात काय मागायचं

गल्लीतल्या हार्डवेअरच्या दुकानात अजून सुताचा हिशेब चालतो. पाव इंच म्हणजे दोन सूत. सेंटिमीटर वगैरे तिथे कोणी बोलत नाही. या दुकानांत मोठे बोल्ट मिळतात, बऱ्याचदा व्हिटवर्थ आट्यांचे. बारीक मेट्रिक स्क्रू मिळतीलच असं नाही. मुंबईत नागदेवी स्ट्रीट आणि पुण्यात रविवार पेठेतली बोहरी आळी या जागा त्यासाठी बऱ्या. तिथे ‘दुर्बिणीचा स्क्रू’ मागू नये. माप न देता चप्पल मागवण्यातला तो प्रकार आहे. जात, पिच, लांबी, डोकं आणि धातू या क्रमाने सांगावं: ‘एम-४, पिच शून्य सात, लांबी बारा, अॅलन, एसएस.’ पिच न सांगितल्यास नेहमीची जाड पिच मिळते आणि मेट्रिक जोडसामानाला बहुधा तीच लागते.

बोटाने फिरवायचं खरखरीत डोकं तयार मिळालं नाही तर अडू नये. अॅलन स्क्रूवर बसणारी प्लॅस्टिकची टोपी मिळते. लेथवाल्याकडे नमुना दिला तर तो पितळेच्या सळईतून हवा तसा स्क्रू काढून देतो, टोकाला गोलाई देऊन आणि डोक्यावर खरखर उमटवून. अमेरिकन इंची स्क्रू आपल्याकडे शोधण्यापेक्षा हा मार्ग कित्येकदा सोपा पडतो. फक्त लेथवाल्याला इंचाला किती आटे ते सांगावं लागतं.

आणि भोकातले आटे आधीच गेले असतील तर? आटे फक्त चेपलेले असतील तर त्याच मापाचा टॅप हाताने, तेल लावून, अर्धा फेरा पुढे आणि पाव फेरा मागे असा फिरवला की ते पुष्कळदा सरळ होतात. पूर्ण गेले असतील आणि भोकाभोवती धातू भरपूर असेल तर एम-४चं भोक एम-५चं करून घ्यावं. धातू कमी असेल तर हेलिकॉइल म्हणजे तारेच्या आट्यांची वेटोळी आत बसवतात. ती पोलादी असल्याने भोक पहिल्यापेक्षाही मजबूत होतं. यातलं काहीही करण्याआधी आरसा आणि भिंगं बाहेर काढलेली हवीत, कारण ड्रिलचा भुसा आत पडला तर काचेवरचा लेप खराब होतो.

हे सगळं स्क्रू हरवल्यावर करण्यापेक्षा आधी करणं कितीतरी स्वस्त. नवी दुर्बीण घरी आली की एक दुपार काढून प्रत्येक सुट्या होणाऱ्या स्क्रूची जात, पिच आणि लांबी वहीत उतरवावी, आणि प्रत्येकाचे दोन-दोन जोड आणून डबीत ठेवावेत. सगळा खर्च एका साध्या आयपीसच्या किमतीच्या कितीतरी खाली राहतो. पुढच्या वेळी स्क्रू गवतात पडला तर तो शोधायचाही नाही. डबीतून दुसरा काढायचा आणि फाइंडर पुन्हा ताऱ्यावर आणायचा.